दोन सॅम्पलांच्या मध्ये

सिगारेटच्या फिल्टरच्या कांड्या जिथे बनतात तिथे सिगारेट ओढायला बंदी असते, ही त्या कारखान्यातली सगळ्यात जुनी थट्टा. नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी ऐकवली जायची आणि तो मनापासून हसायचा. आठवड्याभरात त्याच्या लक्षात यायचं, की इथे हसण्यासारखं तेवढंच आहे. बाकी सगळं पांढरं. धाग्यांचे गठ्ठे पांढरे, त्यांच्यावर गुंडाळायचा कागद पांढरा, यंत्राच्या तोंडातून सटासट सुटणाऱ्या कांड्या पांढऱ्या आणि शिफ्ट संपवून बाहेर पडणाऱ्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या.

त्या पांढऱ्यात निळा कोट घालून फिरणाऱ्या बाईला सगळे मोजणीबाई म्हणत. खरं नाव तिलाही सहीपुरतंच लागायचं. दर अर्ध्या तासाने प्रत्येक यंत्राशी जायचं, मूठभर कांड्या उचलायच्या, तपासणीच्या खोलीत आणायच्या आणि मोजायच्या, हे तिचं काम. वजन मोजायचं, घेर मोजायचा आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे खेच. कांडीतून हवा ओढायला जो जोर लागतो ती खेच. कमी पडली तर धूर सरळ घशात जातो. जास्त झाली तर ओढणाऱ्याचे गाल आत जातात आणि दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या कंपनीचं पाकीट मागतो.

खेच मोजणारं यंत्र खोलीच्या कोपऱ्यात टेबलावर असे. वरच्या पेटीत कांड्या ओतल्या की ते एकेक खाली घेई, रबराच्या दोन ओठांत धरी, एक छोटासा कोरडा झुरका मारी आणि कागदाच्या पट्टीवर आकडा छापी. त्याचं नाव झुरक्या. ते नाव फिरकीने ठेवलेलं. फिरकी हा पहिल्या यंत्राचा ऑपरेटर. हात स्वस्थ ठेवणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, कुठला ना कुठला खटका फिरवत राहायचा, म्हणून तो फिरकी. या फिरवाफिरवीवरून मोजणीबाईचं आणि त्याचं वर्षानुवर्षं भांडण चाललेलं.

"हे बघ," ती कंट्रोल चार्टवर बोट ठेवून सांगायची, "ही मधली रेघ. ही वरची मर्यादा, ही खालची. ठिपके या दोघींच्या मध्ये नाचत असतील तर नाचू दे त्यांना. ती यंत्राची चलबिचल, ती असायचीच. ठिपका बाहेर पडला तर धाव. तोवर हात खिशात."

"बाई, खिसे शिवून टाकलेत कंपनीने. कांड्या चोरू नयेत म्हणून."

"मग हाताची घडी घाल."

पण तिच्या विद्येचं खरं मर्म या रेघांत नव्हतं. ते होतं दोन सॅम्पलांच्या मध्ये. अर्ध्या तासात यंत्रातून कांड्यांचा पूर वाहून जातो आणि आपण बघतो मूठभर. बाकीच्या या मुठीसारख्याच असणार असं धरून चालायचं. हे धरून चालणं अंगात मुरलं की माणूस चांगला मोजणीवाला होतो. मोजणीबाईच्या ते इतकं मुरलं होतं, की तिने घरसुद्धा त्यावरच चालवलं होतं.

घरी ताई होती. आई गेली तेव्हा मोजणीबाईला वेणी घालता येत नव्हती, ती ताईने घातली. शाळेत पोचवलं ताईने, ताप आला की उशाशी बसली ताईच. धाकटीचं सगळं मार्गी लावेपर्यंत स्वतःचं काही मार्गी लावायचं वय निघून गेलं आणि त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. मागच्या थंडीत तिच्या छातीत कफ साठला. दुखणं बरं झालं, श्वास मात्र पातळ झाला तो झालाच. डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की अजून खालावलं तर एकटीला घरी ठेवता येणार नाही, गावाबाहेरच्या शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागेल. ताईने ते केंद्र एकदा पाहिलं होतं. लांबलचक खोली, ओळीने खाटा.

"तिथे मला टाकू नकोस गं," ती घरी आल्यावर म्हणाली होती. आयुष्यात धाकटीकडे तिने मागितलेली ही एकच गोष्ट.

"नाही टाकणार," मोजणीबाई म्हणाली होती.

तेव्हापासून ती दोन नोकऱ्या करत होती म्हणायला हरकत नाही. दिवसभर कांड्या आणि बाकीचा वेळ ताई. मधल्या वेळेसाठी खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. त्या अधूनमधून जिना चढून डोकावत. मोजणीबाई चहाच्या सुट्टीत फोन लावी.

"काकू, बघितलं का?"

"बघितलं की. बसलीय खिडकीशी. बरी आहे."

झाला एक ठिपका. मर्यादेच्या आत. मोजणीबाई फोन ठेवून देई आणि कामाला लागे. पाय सुजलेले, पाठ धरलेली, डोळ्यांत कायमची वाळू. पण ठिपके आत होते.

तक्रार आली ती अशा सगळ्या सुरळीत दिवसांत.

ज्या सिगारेट कंपनीला कांड्या जात तिथून साहेबांना फोन आला, की तुमच्या फिल्टरमधून हवा जात नाही. जास्त खेच वगैरे नाही. हवाच जात नाही. बूच बसावं तशी कांडी बंद. आधी ट्रेमागे चार-दोन निघत, आता मुठीमुठीने निघतायत. साहेबांनी मोजणीबाईला बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हते. फक्त त्यांना प्रश्न आवडत नसत, उत्तरं आवडत.

मोजणीबाईने चार्ट पसरले. सगळे ठिपके मधल्या रेघेच्या आसपास, पाळीव कोंबड्यांसारखे.

"म्हणजे आपलं बरोबर?"

"आपलं बरोबर."

"मग त्यांचं यंत्र खोटं बोलतंय?"

"तसं मी कसं म्हणू?"

"म्हणा ना," साहेब म्हणाले. "मला फोनवर तेच म्हणायचंय."

परत आलेला पहिला ट्रे तिने स्वतः तपासला. झुरक्यापाशी स्टूल ओढून बसली आणि एकूण एक कांडी त्याच्या ओठांतून काढली. सगळ्या चांगल्या. काही ब्लेडने उभ्या चिरून बघितल्या. आत पांढरे धागे, बारीक, कुरळे, कोरडे. डिंकाची गाठ नाही, कागदाची घडी नाही. नाकाशी धरलं तर तोच नेहमीचा आंबूस वास. तिने एक कांडी चक्क तोंडात धरून ओढून बघितली. हवा आली. गार आली.

मग त्यांचा तपासनीस आला. बगलेत स्वतःचा ट्रे, डोळ्यांखाली काळं, इस्त्री फक्त समोरून दिसेल तेवढ्या शर्टाला. दोघं शेजारी बसून मोजू लागले. त्याचाही ट्रे चांगला निघाला. शेवटची कांडी पास झाली तेव्हा त्याने कपाळाला हात लावला.

"मॅडम, या बंद होत्या. यंत्राने फेकलेल्या सिगारेटींतूनच मी काढून आणल्यात."

"हाताने तपासल्या होत्या?"

"हाताने तपासल्या की चांगल्याच निघतात हो. तीच तर गंमत."

"आणि यंत्रात?"

"यंत्रात सिगारेट तयार झाली की प्रत्येकीतून हवा सोडतात. नाही गेली की फेकली."

"तिथे माणूस असतो?"

"माणूस कशाला? पत्र्याचं झाकण आहे वर." तो जरा घुटमळला. "झाकण काढलं की फेकणं थांबतं. आमचे मिस्त्री म्हणाले, झाकणाचा दोष. झाकण बदललं. नवं बसवलं की परत सुरू."

मोजणीबाईने मान हलवली. झाकण बसवल्यावर आतली गरमी वाढत असेल, धागा फुगत असेल, असं काहीतरी तिने सांगितलं. त्याला ते पटलं. खरं म्हणजे त्याला घरी जायचं होतं आणि कुठलंही कारण पटवून घ्यायची त्याची तयारी होती. अशा वेळी शास्त्र फार उपयोगी पडतं.

झुरक्याला एकटं सोडायचं नाही, हा खोलीतला नियम मोजणीबाईनेच केलेला. कांडी तिरकी बसली की तो अडकतो आणि कुरकुरत राहतो. म्हणून तो चालू असला की समोर कोणीतरी असेच. त्या दिवशी तिने परत आलेल्या कांड्यांची उरलीसुरली मूठ वरच्या पेटीत ओतली, बटण दाबलं आणि तिला काकूंना फोन करायचं आठवलं. खोलीत रेंज येत नसे. ती बाहेर बोळात गेली.

"बघितलं का?"

"अगं, बघितलं. पेंगतेय जराशी. बरी आहे."

ती परत आली तेव्हा झुरक्यातून लांब पट्टी लोंबत होती. तिने सवयीने पट्टीवरून नजर फिरवली. सगळीकडे यंत्राचा कमाल आकडा. हवा शून्य. एकाखाली एक, तोच आकडा, पार वरपर्यंत.

ती बघत असतानाच झुरक्याने पुढची कांडी घेतली आणि छापलं. चांगली. पुढची. चांगली.

तिने फिरकीला हाक मारली.

फिरकीने पट्टी बघितली, झुरक्याच्या बाजूला थाप मारली, एक स्क्रू थोडा पिळला. मोजणीबाईने त्याला नेहमीसारखं हटकलं नाही. तिने आता ट्रेमधल्या नको म्हणून पहिल्या यंत्रावरच्या ताज्या, अजून कोमट असलेल्या कांड्या आणायला लावल्या. त्या पेटीत ओतल्या, दोघं बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. परत आत आले. बंद. सगळ्या बंद. दार उघडल्यानंतरच्या मात्र चांगल्या.

"दाराने वारा येत असेल," ती म्हणाली.

मग दार सताड उघडं ठेवून बाहेर गेले. बंद.

दिवा चालू ठेवून बघितला, बंद करून बघितला. पंप थंड होऊ दिला. झुरक्या उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवला. काही फरक नाही. शेवटी तिने दाराच्या काचेवर कागद चिकटवला, त्याला पेन्सिलीने भोक पाडलं आणि फिरकीला भोकाशी उभं केलं. स्वतः खोलीतच राहिली, झुरक्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. शिक्षा झालेल्या पोरीसारखी.

"बघतोयस?"

"बघतोय."

पाठीमागून आवाज येत होता. फस्, टिक. फस्, टिक. झुरका, आकडा.

"डोळे मीट."

"मिटले."

फस् थांबलं. त्या जागी एक लांब, ताणलेला, बारीक आवाज आला. रबर आत ओढलं जात होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. छाती भरायला जावं आणि भरू नये, तसा. टिक. पुन्हा तो आवाज. टिक.

"उघड."

फस्, टिक.

"मीट."

तो आवाज. मोजणीबाईच्या मानेवरचे केस उभे राहिले होते, पण ती वळली नाही. वळून प्रयोग बिघडवायचा नसतो, एवढी शिस्त अंगात होती.

फिरकी आत आला तेव्हा हसत होता. "आपण बघितलं की शहाण्यासारखं वागतात बाई. माझी पोरं अशीच आहेत." मग त्याचं हसू हळूहळू विरलं आणि त्याने दोन्ही हात खिशात घालायला नेले, पण खिसे शिवलेले होते.

साहेबांना सांगणं भाग होतं.

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाही."

"उपाय?"

"कोणीतरी बघत बसणं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तिला वाटलं, आता हा माणूस आपल्याला सुट्टी घ्यायला सांगणार. पण साहेब व्यवहारी होते. त्यांनी त्याच दुपारी सिगारेट कंपनीला फोन केला आणि झाकणात काच बसवायला सांगितली. "देखरेख वाढवा" एवढंच म्हणाले. तिथल्या दोन म्हाताऱ्या पहारेकऱ्यांना काचेपुढे खुर्च्या टाकून बसवलं गेलं. एक पेंगला की दुसऱ्याने बघायचं. तक्रारी बंद झाल्या. साहेबांनी फाइल बंद केली आणि सर्वांना चहा पाजला. कोणी विचारलं नाही, की हे काय होतं. जो प्रश्न सुटला तो विचारायचा कशाला, असा एकूण सगळ्यांचा हिशेब होता आणि तो अगदीच चूक होता असं नाही. थकलेल्या माणसांना एवढं पुरतं.

फिरकी मात्र गप्प झाला. यंत्राचे खटके फिरवणं त्याने सोडलं. उलट कांड्या पडत असायच्या तिथे हाताची घडी घालून टक लावून उभा राहायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो मोजणीबाईच्या शेजारी येऊन बसला.

"बाई, हे फक्त कांड्यांपुरतंच असेल ना?"

"एका यंत्राच्या सॅम्पलवरून दुसऱ्या यंत्राबद्दल बोलायचं नसतं," ती म्हणाली. हे वाक्य तिने कितीतरी जणांना शिकवलं होतं.

"नाही, म्हणजे मी आता घरी पोरांच्या खोलीचं दार उघडं ठेवतो. बायको म्हणते, काय हे खूळ."

मोजणीबाईने त्याला समजावलं. आणि त्याच सुट्टीत तिने काकूंना फोन लावला.

"बघितलं का?"

"बघितलं. बरी आहे."

"आणि त्याच्या मध्ये?"

"मध्ये म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही वर जायच्या आधी. तुम्ही बघत नव्हतात तेव्हा."

"मी बघत नव्हते तेव्हा कसं बघणार गं मी?" काकू म्हणाल्या. "तू जरा झोपत जा."

झोप कसली. घरी ती स्वयंपाकघराचं दार उघडं टाकून काम करू लागली. भांडी घासता घासता मान वळवी. ताई खिडकीशी, छाती वरखाली. पाठ करी, आणि लगेच परत वळे. ताई खिडकीशी, छाती वरखाली. दर वेळी ठिपका आत. पण आता तिला त्या ठिपक्यांचा भरवसा वाटेना. पूर्वी दोन ठिपक्यांमधली कोरी जागा म्हणजे नुसती कोरी जागा होती. आता तिथे झुरक्याचा तो बारीक ताणलेला आवाज होता.

ताई थकत चालली होती. बोलता बोलता थांबे. जिना उतरणं सुटलं. डॉक्टरांनी एक छोटं उपकरण दिलं, बोटाला लावायचा चिमटा. रात्री झोपताना बोटात घालायचा. त्यात रात्रभराची नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन नोंदला जातो, सकाळी दवाखान्यात आणून द्यायचा. "यावरून ठरवू," डॉक्टर म्हणाले. काय ठरवू, ते त्यांनी ताईसमोर सांगितलं नाही.

मोजणीबाईने चिमटा ताईच्या बोटाला लावला, शेजारच्या खाटेवर आडवी झाली आणि आज ताईकडे बघत जागंच राहायचं, असं ठरवलं. सकाळी ताईने हलवून उठवलं तेव्हा उन्हं आली होती. चिमटा दोन खाटांमधल्या स्टुलावर ठेवलेला होता. तिने तो पिशवीत घातला, वाटेत दवाखान्यात दिला आणि कामावर गेली.

दुपारी फोन वाजला तेव्हा ती बोळात होती.

"उपकरणात बिघाड दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा लावावं लागेल. बहुतेक रात्रभर काहीच नोंद नाही. सरळ रेघ."

"निसटला असेल बोटातून."

"मलाही तसंच वाटलं. पण मधूनमधून नोंद आहे. थोडा वेळ नाडी अगदी छान, ऑक्सिजन उत्तम. मग एकदम सरळ रेघ. मग परत थोडा वेळ छान. निसटला तर तो आपणहून परत बोटात कसा जाईल? बिघाडच."

"मधूनमधून म्हणजे कधी?"

"कधी म्हणजे... रात्रीत पाच-सहा वेळा. थोडा थोडा वेळ. का हो?"

तिने फोन ठेवला. पाच-सहा वेळा. म्हणजे आपण उठलो असणार. सवयच आहे आपली, झोपेतसुद्धा उठून बघण्याची. जेव्हा जेव्हा डोळे उघडले, तेव्हा तेव्हा ताईची नाडी होती. बाकी रात्रभर...

ती साहेबांना न सांगता निघाली. निळा कोट तसाच अंगावर. रस्त्याने ती धावली नाही, तिच्यात धावण्याइतकं काही उरलंच नव्हतं, पण कुठे थांबलीही नाही.

काकू खाली दारात कपडे झटकत होत्या.

"ताईला बघितलं?"

"मघाशी बघितलं की."

"मघाशी म्हणजे कधी?"

"अगं, मघाशी म्हणजे मघाशी!"

ती जिना चढली. दार ढकललं.

ताई खिडकीशी बसली होती, उन्हाच्या पट्ट्यात पाय सोडून. मान वळवून तिने बघितलं. छाती वर गेली, खाली आली.

"आज लवकर?"

मोजणीबाई समोरच्या खुर्चीत बसली. ताईवरून नजर न काढता बसली.

"सुट्टी घेतलीय," ती म्हणाली. "आता मी घरीच असणार. तुझ्यासमोर."

"माझ्या तोंडाला काही लागलंय का? अशी काय बघतेस?"

"काही नाही. तू बस."

पापणी लवू द्यायची नाही, असं तिने ठरवलं होतं. डोळे चुरचुरू लागले, भरून आले. ती एक डोळा मिटे, मग तो उघडून दुसरा मिटे. ताईला हसू आलं. लहानपणी अशीच करायचीस, म्हणाली. तिचा श्वास शांत चालला होता. रंगही बरा होता. गेल्या कित्येक दिवसांत इतकी बरी दिसली नव्हती.

"डॉक्टरांचा फोन आला?" ताईने विचारलं. "काय म्हणाले? तिकडे धाडणार का मला?"

"नाही. मी बघेन तुझ्याकडे. काही होणार नाही."

ताई जराशी चुळबुळली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. चूक कबूल करायच्या आधी ती लहानपणापासून असंच करी.

"रागावू नकोस. तो चिमटा मी काढला होता."

"कधी?"

"तू आडवी झालीस तेव्हाच. टोचत होता गं मेला. आणि वाटलं, यात काही वाईट निघालं तर मला त्या खाटांत नेऊन टाकतील. म्हणून तुझ्या बोटाला लावला."

मोजणीबाईने अंगठ्याने स्वतःचं बोट चाचपलं.

"तुला कळलंसुद्धा नाही. मेल्यासारखी झोपली होतीस."

"मी उठले असेन ना? मधूनमधून?"

"कुठली उठतेस! कूस बदलली नाहीस रात्रभर. मीच उठत होते. म्हाताऱ्या माणसाला कुठे झोप लागते सलग. पाच-सहा वेळा उठले. दर वेळी म्हटलं, बघावं तुझ्याकडे जरा. फार दमतेस तू. थोडा वेळ बघितलं, मग मी पण झोपले."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. उन्हाचा पट्टा ताईच्या पावलांवर होता.

"ताई," मोजणीबाई म्हणाली. "माझ्याकडे बघ."

"बघतेय की."

"बघत राहा."

"काय झालंय तुला?"

"बोलत राहा माझ्याशी. काहीही बोल."

"काय बोलू?" ताईने तोंडावर हात धरून जांभई दिली. "दुपारची गोळी घेतलीय आत्ताच. तिने झापड येते. तू पण पड जरा. आलीच आहेस तर."

"नको. ताई, झोपू नकोस."

"झोपत नाही. नुसते डोळे मिटते."

पापण्या खाली आल्या, अर्ध्यावर थांबल्या. थोड्या वर गेल्या. मोजणीबाई खुर्चीतून उठायला लागली.

ताईचे डोळे मिटले. मोजणीबाईने हाक मारायला तोंड उघडलं.

"ताई!"

खोलीत अंधार होता. ऊन नव्हतं. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. ती खुर्चीपुढे अर्धवट उभी होती, एक हात पुढे केलेला, जणू दुपारपासून ती तशीच उभी होती. समोर ताई शांत घोरत होती. दारात काकू होत्या, एक हात दिव्याच्या बटणावर.

"केवढ्याने ओरडलीस!" काकू म्हणाल्या. "झोपलीय ना ती, झोपू दे. आणि अंधारात काय करता दोघीजणी?"

मोजणीबाईला श्वास लागला होता. बोलायला हवा पुरत नव्हती. तिने काकूंकडे बघितलं, हात वर केला.

"उठू नकोस, बस. सगळं ठीक आहे ना? मग जाते मी, गॅसवर दूध आहे."

आणि काकूंनी पाठ फिरवली.